पहिल्या स्ट्रॅटेजी गेमसाठी इंजिन आणि भाषा: सुरुवात चौकटीच्या कागदापासून

सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावर चढण्याआधी चौकटीच्या कागदावर उतरते. कागदावरचे एकेक घर भरत कोणत्या ओळीला ताण्याचे कोणते धागे उचलायचे हे ठरते, त्याबरहुकूम जॅकार्डचे पत्ते पाडले जातात आणि मग माग सुरू होतो. हा कागद आता बऱ्याच ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर गेला असला तरी कामाचा क्रम तोच आहे. आधी माग विकत घेऊन त्यावर काय विणायचे याचा विचार मागाहून करणारा कारखानदार सोलापूरच्या पूर्व भागात शोधूनही सापडायचा नाही. डावपेचांचे, म्हणजे स्ट्रॅटेजी गेम तयार करू पाहणारी आपली मुले मात्र नेमके तेच करतात. इंजिन म्हणजे चित्र, आवाज आणि बटणे यांची तयार सोय देणारा प्रोग्रॅम, ज्यावर आपला खेळ उभा करायचा; तोच त्यांचा माग. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "इंजिन कोणते घेऊ?" आणि गेम कोणता करणार आहेस असे विचारले की उत्तर येते, "ते नंतर बघू."

हे मी कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही, कारण माझा पहिला प्रयत्नही याच उलट्या क्रमाने झाला होता. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, मी त्रिमितीय आणि सलग वेळेत चालणारा वेढ्याचा खेळ करायला बसलो. पाच महिन्यांनी माझ्याकडे खंदकाच्या पाण्यावर हलणाऱ्या लाटा होत्या, वळणारा एक घोडा होता, आणि किल्ला कोणी व कसा जिंकायचा याचा एकही नियम नव्हता. पुढे दिलेला क्रम त्या पाच महिन्यांतून आलेला आहे.

खेळ एका पानावर लिहावा

इंजिनाचे नावही काढण्याआधी एका पानावर पुढील गोष्टी पूर्ण वाक्यांत लिहाव्यात: खेळ पाळीपाळीने चालणार की सलग, नकाशा बुद्धिबळासारखा घरांचा की मोकळ्या मैदानाचा, दोन्ही बाजूंची मिळून पथके किती, समोर माणूस खेळणार की संगणक, खेळ फोनवर, संगणकावर की ब्राउझरमध्ये चालणार, आणि तो संपतो केव्हा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर पुढे जाऊ नये.

यातील पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर बाकीची बहुतेक उत्तरे अवलंबून असतात. पाळीपाळीच्या खेळात खेळाडूने हुकूम देईपर्यंत काहीच हलत नाही, त्यामुळे चूक कुठे झाली हे शांतपणे शोधता येते आणि संगणकाने विचार करण्यासाठी एखादा सेकंद घेतला तरी कोणी तक्रार करत नाही. सलग चालणाऱ्या खेळात पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा असेल, तर प्रत्येक वेळी हाताशी सुमारे १६.७ मिलिसेकंद असतात आणि तेवढ्यात प्रत्येक पथकाची वाट, टक्कर, मारामारी आणि चित्र हे सगळे उरकावे लागते. ५०० पथके असतील तर सेकंदाला ३०,००० वेळा पथकांची स्थिती बदलावी लागते. माझे मत स्पष्ट आहे: पहिला खेळ पाळीपाळीचा, घरांच्या नकाशावरचा आणि शक्यतो द्विमितीय असावा. असा खेळ हलक्या दर्जाचा ठरतो ही समजूत चुकीची आहे. २०१८ साली आलेला 'इन्टू द ब्रीच' हा गाजलेला खेळ अवघ्या ८ गुणिले ८ घरांच्या पटावर चालतो, आणि बुद्धिबळाची घरेही तेवढीच आहेत.

या लेखात उदाहरणासाठी आपल्याच सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या वेढ्याचा खेळ घेऊ. दुहेरी तटबंदी, भोवती खंदक आणि शेजारी सिद्धेश्वर तलाव ही रचना पटावर मांडायला सोयीची आहे. शिवाय १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने हा किल्ला पेशव्यांकडून घेतला, त्यामुळे वेढ्याला खऱ्या इतिहासाचा आधारही मिळतो. आपला पट १२ गुणिले १२, म्हणजे १४४ घरांचा राहील. हल्लेखोरांची ६ पथके आणि किल्लेदाराची ४. साध्या जमिनीचे घर ओलांडायला १ पाऊल, खंदकाचे घर ओलांडायला ३ पावले. १५ फेऱ्यांत महादरवाजा पडला नाही तर किल्लेदार जिंकला.

इथेच एक मोह आवरावा लागतो. सोलापूरच्या किल्ल्यावरून आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात दीर्घकाळ ओढाताण चालली आणि चांदबिबीच्या विवाहात तो आंदण म्हणून दिला गेला, हे वाचले की तह, सोयरीक आणि खंडणीही खेळात घ्यावीशी वाटते. पहिल्या खेळात घेऊ नये. लग्ने दुसऱ्या खेळात लावावीत.

चिंचोक्यांवर पाच डाव

पान लिहून झाल्यावर चौकटीच्या कागदावर पट आखून, चिंचोके आणि शेंगदाणे यांची पथके करून घरातल्या कोणाशी तरी निदान पाच डाव खेळावेत. प्रत्येक डाव संपल्यावर कोण जिंकले, कितव्या फेरीत जिंकले आणि कोणता नियम कोणालाच वापरावासा वाटला नाही, एवढे लिहून ठेवावे. माझ्या वेढ्याच्या खेळात पहिले तीन डाव किल्लेदार दरवाजामागे नुसता बसून राहिला, कारण बाहेर पडण्याचे त्याला काही कारणच नव्हते. मग कोठारात ८ फेऱ्यांपुरतेच धान्य ठेवले आणि उरलेले तटाबाहेरच्या दोन घरांवर मांडले; चौथ्या डावात किल्लेदाराला रात्रीच्या छाप्यासाठी माणसे काढावी लागली आणि खेळ जिवंत झाला. हा बदल करायला खोडरबर पुरला. तोच बदल इंजिनात करायचा तर दोन दिवस गेले असते आणि नियमाबद्दल शंका घेण्याऐवजी मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो असतो.

असा खेळ इंजिनाकडे काय मागतो

इंजिनांच्या जाहिरातींत उजेड, सावल्या आणि धूर यांची चित्रे असतात, पण स्ट्रॅटेजी गेमला त्यांची फारशी गरज नसते. त्याला लागतात घरांचा नकाशा, वाट शोधण्याची सोय, भरपूर बटणे आणि तक्ते, नीट उमटणारा मजकूर आणि डाव जतन करण्याची खात्रीची पद्धत. खेळ करणाऱ्याचा बराचसा वेळ शेवटी कोणत्या पथकाची किती शक्ती उरली हे दाखवणारे तक्ते जुळवण्यातच जातो, म्हणून इंजिनाची बटणे आणि रकाने मांडण्याची व्यवस्था त्याच्या त्रिमितीय चमत्कारांपेक्षा आधी पाहावी.

वाट शोधण्याबाबत नवशिक्यांचा एक गोंधळ नेहमी होतो, तो इथेच निस्तरतो. "या पथकाला त्या घरापर्यंत जवळची वाट कोणती?" आणि "या पथकाला या पाळीत कोणकोणत्या घरांवर जाता येईल?" हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी ए-स्टार ही रीत वापरतात. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल यांनी ती १९६८ साली मांडली आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील शेकी नावाच्या यंत्रमानवाच्या कामातून ती आली. दुसऱ्या प्रश्नाला डाइक्स्ट्रा यांची १९५९ सालची रीत लागते, जिच्यात पाणी पसरावे तसे सुरुवातीच्या घरापासून सगळीकडे पसरत जायचे असते आणि पावलांचा साठा संपेल तिथे थांबायचे असते. इंजिनात तयार ए-स्टार असला तरी निळ्या रंगात उजळणारी 'इथपर्यंत जाता येते' अशी घरे काढण्याचे काम बहुधा आपल्यालाच करावे लागते. ते तीसचाळीस ओळींचे काम आहे आणि कोणत्याही भाषेत जमते.

आता इंजिने

माझी पहिली शिफारस गोडोची आहे. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर यांनी सुरू केलेले हे इंजिन २०१४ साली कोडसह सर्वांसाठी मुक्त करण्यात आले, त्याला एमआयटी हा वापराची मोकळीक देणारा परवाना आहे, आणि त्यावर केलेल्या खेळाच्या कमाईतला वाटा कोणालाही द्यावा लागत नाही. संपादक, म्हणजे ज्यात बसून खेळ घडवायचा तो प्रोग्रॅम, ही एकच फाइल. ती उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली तरी चालते, खाते उघडावे लागत नाही, आणि ज्यांच्या कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करण्याची परवानगी नसते त्यांना याचे मोल कळेल. प्रकल्प सुरू करताना चित्रणाच्या तीन पद्धती विचारल्या जातात. जुना लॅपटॉप किंवा वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक असेल तर त्यातील 'कॉम्पॅटिबिलिटी' निवडावी. द्विमितीय वेढ्याच्या खेळाला ती भरपूर झाली आणि ब्राउझरसाठी निर्यात करतानाही गोडो ४ तीच वापरते.

घरांच्या नकाशासाठी गोडोत टाइलमॅपलेयर (जुन्या आवृत्त्यांत टाइलमॅप) आहे आणि त्यात चौकोनी, तिरप्या व षट्कोनी घरांची सोय आहे. वाटेसाठी 'एस्टारग्रिडटूडी' नावाचा तयार वर्ग, म्हणजे कोडचा आयता साचा, आहे: पटाची लांबीरुंदी सांगावी, तटाची घरे बंद आहेत असे सांगावे, खंदकाच्या घरांना ३ हे वजन द्यावे, आणि दोन घरे दिली की तो वाट काढून देतो. आपल्या खेळात तिरपे चालणे नसेल तर ते बंद करण्याची खूणही आधीच करून ठेवावी, नाहीतर पथके तटाच्या कोपऱ्यांतून सटकताना दिसतात. षट्कोनी पट हवा असेल तर मात्र हा वर्ग कामाचा नाही. साधा 'एस्टारटूडी' घेऊन प्रत्येक घर त्याच्या सहा शेजाऱ्यांना स्वतः जोडावे लागते. म्हणूनही पहिला पट चौकोनीच ठेवणे बरे.

दुसरा पर्याय युनिटी. सी-शार्प भाषा आधीपासून येत असेल, किंवा पुढे गेम कंपनीत नोकरी करण्याचा विचार असेल, तर युनिटीचा विचार जरूर करावा. शिकण्याचे साहित्य विपुल आहे आणि फोनसाठी खेळ काढण्याची तिची व्यवस्था मुरलेली आहे. फोनवर लोकप्रिय झालेला 'बॅटल ऑफ पॉलिटोपिया' हा पाळीपाळीचा खेळ युनिटीवरच केलेला आहे. मात्र संपादक अनेक जीबींचा असतो, खाते लागते, आणि घरांच्या पटावर वाट शोधणारा तयार ए-स्टार त्यात नसतो, तो स्वतः लिहावा किंवा बाहेरून आणावा लागतो. अटीही वाचून घ्याव्यात: सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क घेण्याची योजना जाहीर केली, तिच्यावर जगभर ओरड झाली आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती मागे घेतली गेली.

अनरियलबद्दल थोडक्यात सांगतो. इंजिन उत्तम आहे, २०१२ चा 'एक्सकॉम: एनिमी अननोन' हा पाळीपाळीचा खेळ त्याच्या तिसऱ्या पिढीवर झालेला आहे, पण ८ किंवा १६ जीबीच्या लॅपटॉपवर १४४ घरांच्या पटासाठी ते घेणे म्हणजे चुलीवरची भाकरी भाजायला भट्टी पेटवणे आहे.

ब्राउझरचा पर्याय फारसा कोणी सुचवत नाही, म्हणून मी सुचवतो. खेळात चित्रांपेक्षा तक्ते, आकडे आणि मजकूर जास्त असेल, उदाहरणार्थ सुताचा भाव, मागांची संख्या आणि वीजकपात सांभाळत कारखाना चालवण्याचा खेळ असेल, तर जावास्क्रिप्ट आणि साधे वेबपान पुरेसे होते. बटणे, रकाने आणि सरकणाऱ्या याद्या ब्राउझरमध्ये आयत्या मिळतात आणि देवनागरी मजकूर तो स्वतःच नीट मांडतो.

पायथन येत असेल तर पायगेम या तिच्या खेळांसाठीच्या संचावर नियम तपासायला हरकत नाही, कारण पटावर चौकोन काढणे आणि माऊसची टिचकी ओळखणे एवढे त्यात तासाभरात जमते. पण बटणांपासून सगळे स्वतः करावे लागते आणि पुढे तो खेळ फोनवर नेणे कटकटीचे होते. डिप्लोमाला जावा शिकलेल्यांनी 'अनसिव्ह' या मुक्त खेळाचा कोड उघडून पाहावा; तो जावाच्या जवळच्या कॉटलिन भाषेत, लिबजीडीएक्स या खेळांसाठीच्या तयार संचावर लिहिलेला आहे आणि अँड्रॉइडवर चालतो. स्वतःचे इंजिन लिहिण्याची हौस असेल तर ती हौस म्हणूनच करावी. त्यातून इंजिन होते, खेळ होत नाही.

भाषेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही

कॉलेजात सी-प्लस-प्लस शिकवतात, म्हणून वेगासाठी तीच हवी असे मानणारे बरेच भेटतात. हा समज हिशेब करून तपासता येतो. मोकळ्या जमिनीवर ३ पावले चालणारे पथक, तिरपे चालणे नसेल तर, स्वतःचे घर धरून जास्तीत जास्त २५ घरांवर जाऊ शकते. प्रत्येक घरावर सरासरी ४ गोष्टी करता येतात असे धरले, तर हल्लेखोराच्या ६ पथकांसाठी ६ गुणिले २५ गुणिले ४, म्हणजे ६०० खेळी झाल्या. ६०० खेळी मोजून त्यांतली बरी निवडणे कोणत्याही भाषेत डोळ्याची पापणी लवण्याआधी होते. समोरच्या ४ पथकांचे उत्तरही पाहायचे, तर त्याच्या ४०० खेळींनी गुणून २,४०,००० झाल्या. इथे जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या स्वतःच्या भाषेला किंवा पायथनला थोडे थांबावे लागेल, पण पाळीपाळीच्या खेळात ते चालते. त्यावर पुन्हा आपले उत्तर पाहायचे तर आकडा १४ कोटी ४० लाखांवर जातो. म्हणजे एकेक पायरी पुढे पाहण्याची किंमत ४०० ते ६०० पट आहे. भाषा पन्नास पट वेगवान घेतली तरी तिच्यातून पुढची एक पायरीही पुरती सुटत नाही. निरुपयोगी खेळी आधीच गाळण्याची युक्ती मात्र ते काम करते, आणि ती युक्ती सावकाश भाषेतही लिहिता येते.

या हिशेबात एका पाळीत एकच पथक हलते असे गृहीत धरले आहे. एका पाळीत सहाही पथके हलणार असतील आणि सगळ्या जोड्या तपासायच्या असतील तर १०० चा सहावा घात, म्हणजे एकावर बारा शून्ये, एवढे पर्याय होतात. ते कोणीच तपासत नाही. पथके एकामागून एक घेऊन प्रत्येकासाठी त्या क्षणी बरी खेळी निवडतात. संगणक किती हुशार वाटेल हे असे भाषेपेक्षा नियमांवर ठरते, आणि नियम तर आपण चिंचोक्यांवरच ठरवलेले आहेत.

मोठ्या खेळांत बहुधा दोन भाषा असतात हेही लक्षात घ्यावे. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा २००३ पासूनचा मुक्त खेळ सी-प्लस-प्लसमध्ये आहे, पण त्याची पथके आणि मोहिमा एका सोप्या खुणांच्या भाषेत लिहिलेल्या असून जोडीला लुआ ही छोटी भाषा आहे. २००५ च्या 'सिव्हिलायझेशन ४' मध्ये पायथन वापरली होती. वारंवार बदलणाऱ्या गोष्टी सोप्या भाषेत आणि जड काम वेगवान भाषेत, अशी ती वाटणी आहे. गोडो घेतले की ती आयतीच मिळते, कारण इंजिन स्वतः सी-प्लस-प्लसमध्ये आहे आणि आपण वर जीडीस्क्रिप्टमध्ये नियम लिहितो.

तेव्हा निर्णय असा करावा. प्रोग्रॅमिंग नवीन असेल किंवा पायथन येत असेल तर गोडोसोबत जीडीस्क्रिप्ट. तिची मांडणी पायथनसारखीच ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागेवर चालते. सी-शार्प नीट येत असेल तर युनिटी, किंवा गोडोची डॉटनेटसह (सी-शार्प चालवणाऱ्या व्यवस्थेसह) येणारी निराळी आवृत्ती. मात्र खेळ ब्राउझरमध्ये चालवायचा असेल तर गोडोत जीडीस्क्रिप्टच घ्यावी, कारण गोडो ४ आले तेव्हा सी-शार्पचा खेळ ब्राउझरसाठी काढण्याची सोय त्यात नव्हती. जीडीस्क्रिप्ट लिहिताना प्रत्येक चलाचा प्रकार सांगण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, म्हणजे 'शक्ती' या रकान्यात चुकून शब्द गेला तर खेळ सुरू होण्याआधीच चूक कळते.

मराठीत खेळ करायचा असेल तर

आपल्या शहरात एका गल्लीत मराठी, पलीकडे तेलुगू, नातेवाइकांत कन्नड आणि बाजारात उर्दू-हिंदी ऐकू येते. इथला खेळ इथल्या भाषांत दिसावा असे वाटत असेल तर ही कसोटी इंजिन निवडण्याआधी लावावी, खेळ तयार झाल्यावर नव्हे.

देवनागरीत अक्षरे ज्या क्रमाने साठवली जातात त्या क्रमाने दिसत नाहीत. 'कि' मध्ये क आधी साठवला जातो पण वेलांटी त्याच्या आधी दिसते, आणि जोडाक्षरांचे आकारच बदलतात. हे काम करणारी व्यवस्था इंजिनात नसेल तर 'किल्ला' या शब्दाची वेलांटी भलतीकडे जाते आणि पाय मोडलेली अक्षरे दिसतात. गोडो ४ मध्ये हे काम हार्फबझ या संचाकडे दिलेले असल्याने देवनागरी, तेलुगू आणि कन्नड नीट उमटतात, आणि उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दूही. युनिटीमध्ये वर्षानुवर्षे वापरात असलेल्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर-व्यवस्थेला ही जुळणी येत नाही; युनिटीच्या नव्या आवृत्त्यांतील यूआय टूलकिट या बटणे-रकाने मांडण्याच्या संचात हार्फबझवर आधारलेली निराळी मजकूर-व्यवस्था आली आहे, तेव्हा युनिटीत मराठी खेळ करायचा तर सुरुवातच तिथून करावी.

तपासणीसाठी 'किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाजावर शर्थीची लढाई' यासारखे एक वाक्य पडद्यावर आणावे. त्यात वेलांटी, रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्या' मधला चंद्रकोरीसारखा र असे सगळे आले. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी वळण उमटते. गोडोच्या लेबलमध्ये भाषेचा रकाना असतो, तो रिकामा ठेवू नये. फॉन्ट युनिकोडचाच असावा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मुक्त परवान्याचे असल्याने खेळासोबत देता येतात. डीटीपीच्या दुकानातून मिळालेले जुने फॉन्ट युनिकोडचे नसतात आणि त्यांचा परवानाही आपल्याकडे नसतो. तेलुगू आणि कन्नड जोडाक्षरे ओळीखाली उतरतात, म्हणून बटणांची उंची पहिल्यापासून सढळ ठेवावी.

मजकुराची आणखी एक अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांत फारशी सापडत नाही. इंग्रजीत पथकाचे नाव आणि 'हरले' हे क्रियापद चिकटवून वाक्य तयार करता येते. मराठीत घोडदळ हरले, पण तोफ हरली आणि हत्ती हरला. शिवाय १ पथक उरले आणि ३ पथके उरली. म्हणून वाक्याचे तुकडे जोडू नयेत. प्रत्येक पथकाच्या माहितीत लिंग हा रकाना ठेवावा आणि त्यानुसार पूर्ण वाक्य निवडावे. हे आधी केले तर अर्ध्या तासाचे काम आहे.

तीन संध्याकाळींची परीक्षा

इतके झाल्यावर दोनच इंजिने निवडून दोन्हींत एकसारखे छोटे काम करून पाहावे, प्रत्येकी तीन संध्याकाळी. पहिल्या संध्याकाळी १० गुणिले १० चा पट आणि त्यावर टिचकी मारल्यावर निवडले जाणारे एक पथक. दुसऱ्या संध्याकाळी जाता येणारी घरे उजळवणे, पथक हलवणे आणि 'पाळी संपली' असे मराठी बटण. तिसऱ्या संध्याकाळी डाव जतन करणे, खेळ बंद करणे, पुन्हा उघडून तिथूनच पुढे खेळणे, आणि खेळाची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर किंवा फोनवर चालवून पाहणे. शेवटचे काम बहुतेक जण टाळतात, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर प्रकल्प अडकतात.

काम कुठल्या इंजिनात लवकर झाले यापेक्षा चूक झाल्यावर ती कुठे लवकर सापडली, हे पाहावे. दोन्हींत सारखाच वेळ लागला तर आपल्या मित्रांपैकी ज्याला विचारता येईल असा कोणी ज्या इंजिनावर काम करतो, ते घ्यावे.

नियम वेगळे, पडदा वेगळा

इंजिन ठरल्यावर पहिल्या दिवशी फोल्डरचे दोन भाग करावेत. एकात फक्त नियम: पट, पथके, धान्य, फेरी, कोण जिंकले. या भागाला चित्र, आवाज किंवा माऊस म्हणजे काय हे माहीतच नसावे. दुसऱ्या भागात पडदा. तो नियमांना विचारतो आणि मिळालेले उत्तर दाखवतो. खेळाडूची प्रत्येक कृती 'तिसरे पथक, पाचव्या ओळीतले सातवे घर, हल्ला' अशा हुकुमाच्या रूपात नियमांकडे जावी, आणि सगळे हुकूम क्रमाने यादीत लिहिले जावेत.

या यादीचे अनेक उपयोग आहेत. खेळी मागे घेणे, पूर्ण डाव पुन्हा पाहणे आणि एखादी चूक जशीच्या तशी पुन्हा घडवून तपासणे हे सगळे तिच्यातून मिळते. १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स' ने मॉडेमच्या काळात शेकडो सैनिकांची लढाई अनेक खेळाडूंत याच तत्त्वावर चालवली होती: सैनिकांच्या जागा न पाठवता फक्त हुकूम पाठवायचे आणि प्रत्येक संगणकाने तोच हिशेब स्वतः करायचा. अट एकच, हिशेब सगळीकडे तंतोतंत सारखा आला पाहिजे. म्हणून फाशांसाठी यादृच्छिक आकडे एकाच ठिकाणाहून, ठरलेल्या बीजावरून (ज्या सुरुवातीच्या आकड्यापासून ते तयार होतात त्यावरून) घ्यावेत आणि ते बीज डावाबरोबर जतन करावे. शक्तीचे आकडे अपूर्णांकात न ठेवता पूर्णांकात ठेवावेत.

पथकांची शक्ती, पावले, मारा हे आकडे प्रोग्रॅममध्ये विखरू नयेत, एका तक्त्याच्या फाइलीत ठेवावेत. तोल साधताना हेच आकडे शंभरदा बदलतात आणि त्यासाठी दर वेळी कोड उघडणे परवडत नाही. डाव जतन करताना आधी दुसऱ्या नावाच्या फाइलीत लिहून ते पूर्ण झाल्यावरच जुनी फाइल बदलावी. मध्येच वीज गेली तर निदान मागचा डाव शाबूत राहतो.

खर्चाचे म्हणाल तर खेळ बाजारात ठेवायचा नसेल तोवर काहीच लागत नाही. गूगल प्लेवर खेळ ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर, स्टीमवर प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात, इच.आयओवर फुकट ठेवता येतो, आणि पहिल्या खेळासाठी तेच पुरे.

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिटची नोंदवही पहिल्या दिवसापासून सुरू करून रोज रात्री तिची प्रत लॅपटॉपबाहेर कुठेतरी ठेवावी. इंजिनाची स्थिर आवृत्तीच घ्यावी आणि खेळ पूर्ण होईपर्यंत मोठी आवृत्ती बदलू नये, नवीत कितीही सोयी आल्या तरी. कोणती आवृत्ती घेतली ते, भाषा आणि आजची तारीख, हे तिन्ही ज्या चौकटीच्या कागदावर चिंचोक्यांचे डाव खेळले त्याच्याच कोपऱ्यात पेनाने लिहून तो कागद टेबलासमोर लावावा.